मोजणीला परवाना, मग मोजणाऱ्याला कायदा का नाही?

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अपर मुख्य सचिव (महसूल)
मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख, पुणे

विषय : खासगी परवानाधारक भूमापकांसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद स्थापन करण्याबाबत

महोदय,

जमिनीच्या मोजणीत खासगी परवानाधारक भूमापक आणण्याचा निर्णय शासनाने 2025 मध्ये जाहीर केला. मी खासगी सर्व्हेयर आहे. आयटीआयमधून सर्व्हेयरचा दोन वर्षांचा ट्रेड केला, आधी टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रावर आणि आता उपग्रहांच्या मदतीने जागा सांगणाऱ्या रोव्हरवर काम करतो. वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, होते. या निर्णयाने ज्यांची चांदी होणार असे लोक म्हणतात, त्यांत माझाही नंबर लागतो. तरीही हे पत्र अभिनंदनाचे नाही.

मोजणीची प्रकरणे तालुक्याच्या कार्यालयांत तुंबली आहेत आणि शेतकरी तारखेची वाट बघून थकला आहे, हे मी नाकारत नाही. बाहेरची माणसे घ्यावी लागणार, हेही मान्य. पण काम खात्याबाहेर निघाले आहे आणि ते करणाऱ्याला बांधून ठेवणारा कायदा मात्र कुठेच नाही. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद यांच्यासाठी संसदेने कायदे केले, परिषदा नेमल्या. भूमापकासाठी या देशात तसे कधी झालेच नाही. आजवर निभावून गेले, कारण हद्द दाखवणारा माणूस सरकारी नोकर होता. तो चुकला तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 हाताशी होते. चौकशी लावता येत होती, वेतनवाढ रोखता येत होती, निलंबन करता येत होते. उद्या जो खासगी माणूस रोव्हर घेऊन बांधावर उभा राहील, त्याला यातले काहीच लागू नाही. परवाना काढून घ्याल, पण ज्याचा बांध सरकला त्याने कोणाकडे जायचे?

आधी हे काम असते तरी काय, ते सांगतो. सरकारी घोषणांत सगळा भर यंत्रावर असतो, म्हणून सांगावे लागते.

रोव्हर एखाद्या बिंदूचे स्थान दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सांगतो. शेताचा कोपरा म्हणजे नेमका कोणता बिंदू, हे त्याला ठाऊक नसते. ते टिपणावरून ठरवावे लागते. मूळ मोजणीच्या वेळी शंकू-साखळीने मापे घेऊन शेताचा जो आराखडा काढला, ते टिपण. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे झाले की एकर. टिपणात मधून गेलेली मोजणीची रेषा असते आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपर्यंत काढलेले लंब असतात. पुढे पोटहिस्से पडले असतील तर फाळणी बारा, म्हणजे त्या हिस्स्यांच्या मोजणीचा कागद, काढायची. एकत्रीकरणात, म्हणजे तुकडे जोडण्याच्या योजनेत, गट झाला असेल तर जुन्या सर्व्हे नंबरापर्यंत मागे जायचे. आकारबंदातल्या, म्हणजे नंबरवार क्षेत्र आणि सारा नोंदलेल्या सरकारी तक्त्यातल्या, क्षेत्राशी मेळ घालायचा. जुन्या कागदांवर मोडी असते, ती वाचता आली पाहिजे, निदान आकडे तरी. मग जागेवर जुना दगड शोधायचा. तो मूळ जागी आहे की ट्रॅक्टरने ढकलला आहे, हे शेजारच्या नंबरांच्या टिपणांवरून पडताळायचे. सापडलेल्या खुणांपैकी कोणती धरायची आणि कोणती सोडायची, इथे खरी परीक्षा असते. शेवटी हद्द एकीकडे आणि वहिवाट दुसरीकडे निघाली, तर दोन्ही नकाशावर वेगवेगळ्या दाखवायच्या आणि दोन्ही खातेदारांच्या तोंडावर तसे सांगायचे. हे शेवटचे काम कुठल्याच यंत्राच्या पुस्तिकेत नसते.

काही काळापूर्वी एकाच गटाचे दोन खासगी नकाशे माझ्याकडे तपासायला आले. दोघे चुलतभाऊ, प्रत्येकाने आपापला सर्व्हेयर आणलेला. एकाने जागेवरचा बांध जसा होता तसा मोजून तीच हद्द म्हणून दाखवली. दुसऱ्याने गावनकाशा स्कॅन करून उपग्रहाच्या छायाचित्रावर ताणून बसवला आणि त्यावरून कोपरे दिले. मूळ टिपण दोघांपैकी कोणीही काढलेले नव्हते. दोन्ही नकाशांवर सेंटिमीटरपर्यंत आकडे होते, शिक्का होता, सही होती. एका नकाशाने जी विहीर एका भावाच्या शेतात दाखवली होती, ती दुसऱ्याने त्याच्या शेताबाहेर काढली. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले. त्या दोघा सर्व्हेयरांना कोणी जाब विचारला नाही, कारण विचारायला जागाच नाही. शिक्का कोणीही करून घेऊ शकतो. खासगी नकाशाला हद्दीचा पुरावा म्हणून किंमत नाही, खात्याची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, लागते, असे म्हणून आपण आजवर हात झटकत आलो. आता खासगी माणसाने केलेली मोजणीच त्या प्रतीपर्यंत पोहोचणार आहे. वर खात्याचा अधिकारी सही करणार म्हणता. पण जो बांधावर गेलाच नाही, त्याची सही कागद तपासेल, दगड कसा तपासेल?

राज्यकर्त्यांनी मोजणीवर नजर ठेवलीच नाही, असा माझा आरोप नाही. उलट जिथे त्यांचा पैसा गुंतला होता, तिथे ती फार कडक होती. अकबराच्या काळात तागाची दोरी ओली-सुकी झाली की लांबी बदलते, म्हणून तिच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू आले. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या पाहणीत पाच हात पाच मुठींची काठी ठरली. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, 120 बिघ्यांचा चावर. कंपनी सरकारच्या काळात प्रिंगल या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये मोठी मोजणी केली, ती खालच्या कारकुनांच्या चुकांनी आणि लाचखोरीने फसली. मग 1835 पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी काम नव्याने मांडले. 1847 च्या संयुक्त अहवालाने मोजणी कशी करायची, प्रतवारी कशी लावायची, हे सगळे ठरवून दिले. 1865 चा कायदा, 1879 ची जमीन महसूल संहिता आणि आपली 1966 ची संहिता याच वाटेने आल्या.

पण हा सगळा बंदोबस्त साऱ्यासाठी होता. माप चुकले तर सरकारचा सारा बुडायचा, म्हणून सरकारने साखळी तपासली, मोजणीवर फेरमोजणी लावली, कारकुनाला धाक ठेवला. शेतकऱ्याचे गुंठाभर क्षेत्र इकडचे तिकडे झाले तर साऱ्यात फरक पडायचा तो आण्या-पैशांचा. आज त्याच गुंठ्याला शहराच्या कडेला लाखांचा भाव आहे आणि तोटा होतो तो सरकारचा नाही, खातेदाराचा. नुकसान सोसणारा बदलला. नियम मात्र अजून जुन्या मालकाच्या हिशोबाचे राहिले. माझ्या मते या व्यवसायाला कायदा नसण्याचे खरे कारण हेच आहे.

इतर देशांचा इतिहास पाहिला तर हे जास्त उघड होते. मोजणीदाराने खोटे माप सांगितले तर त्याच्यावर दावा लावता येईल, असे एक स्वतंत्र प्रकरण सहाव्या शतकातल्या जस्टिनियनच्या रोमन कायदेसंग्रहात आहे. गंमत म्हणजे दावा फक्त लबाडी किंवा घोर निष्काळजीपणा असेल तरच; साधी चूक माफ होती. क्वेबेकमध्ये 1785 च्या वटहुकमाने भूमापकाला परीक्षा आणि परवाना लागू लागला. कॅलिफोर्नियाने 1891 मध्ये परवान्याचा कायदा केला, अमेरिकेतल्या राज्यांत तो पहिला. वायोमिंगची गोष्ट तर आपल्या महसूल खात्याने आवर्जून वाचावी अशी आहे. तिथल्या राज्य अभियंत्याकडे पाण्याच्या हक्कासाठी अर्ज यायचे, सोबत नकाशे असायचे, आणि त्यांवर वकील, नोटरी असे कोणीही अभियंता किंवा सर्व्हेयर म्हणून सही ठोकलेली असायची. त्यातून 1907 चा कायदा आला. फ्रान्समध्ये 7 मे 1946 च्या कायद्याने जमिनीच्या हद्दी ठरवण्याचे काम फक्त नोंदणीकृत भूमापकांच्या हाती दिले आणि त्यांच्यासाठी शिस्तीची संस्था उभी केली. मलेशियाने 1958 मध्ये परवान्याचा कायदा केला. शेजारच्या श्रीलंकेने 2002 च्या सर्वेक्षण कायद्याने भूमापन परिषद नेमली. आपल्यासारखीच इंग्रजी राजवट, आपल्यासारखेच तुकडे पडलेले शेत, तरी त्यांना जमले.

इंग्लंडचे उदाहरण कोणी पुढे करील म्हणून आधीच सांगतो. तिथे भूमापकांची संस्था 1868 मध्ये निघाली, 1881 मध्ये तिला राजसनद मिळाली, पण हद्द मोजायला सरकारी परवाना लागत नाही. त्याचे कारण आहे. तिथली जमीन नोंदणी बहुतेक ठिकाणी हद्द ढोबळच दाखवते, ती रेषा नेमकी असल्याची हमी सरकार देत नाही. याउलट दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 पासून टॉरेन्स पद्धत आली, सरकार मालकी हक्काच्या मागे उभे राहिले, आणि जिथे सरकार असे मागे उभे राहते तिथे मोजणाऱ्याला मोकळे सोडणे परवडत नाही. आपण कोणत्या बाजूला चाललो आहोत? 2008 पासून केंद्राच्या भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाचे अंतिम ध्येयच हमीचा मालकी हक्क हे आहे. हमी सरकारची आणि मोजणी बेवारस, हे एका घरात नांदणार नाही.

आता माझ्या तक्रारी.

1. आपल्याकडे जमीन विकून देणाऱ्या एजंटला 2016 च्या रेरा कायद्याखाली नोंदणी लागते, आणि 2023 पासून महारेराने त्याला प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. गाडीला अपघात झाला तर नुकसानीचा अंदाज घेणाऱ्या विमा सर्व्हेयरला परवाना लागतो. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या कायद्यात सर्व्हेयर आणि प्लंबर यांना परवाना देण्याची तरतूद आहे, आणि तो सर्व्हेयरही मुख्यतः इमारतीच्या नकाशांचे काम पाहतो. शेताची हद्द दाखवणाऱ्या खासगी माणसाचे नाव मात्र कुठल्याही कायदेशीर नोंदवहीत नाही. यावर जास्त काय लिहायचे?

2. परवाना हा खात्याच्या मर्जीचा कागद होऊन बसेल. जे कार्यालय काम देणार, तेच तपासणार, तेच परवाना नूतनीकरण करणार आणि तक्रारही तेच ऐकणार. यात प्रामाणिक सर्व्हेयर आधी मरतो. साहेबांना नको असलेली हद्द त्याने दाखवली तर त्याचा परवाना किती दिवस टिकेल? आणि साहेबांच्या मर्जीतला माणूस कितीही वाकडी रेषा ओढू दे, त्याच्यावर कारवाई कोण करणार? स्वतंत्र परिषद हवी ती खातेदाराइतकीच आमच्याही संरक्षणासाठी.

3. पैसे देणाऱ्याशी इमान की हद्दीशी, याचे उत्तर कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. सरकारी भूकरमापक दोन्ही बाजूंना परका असतो, निदान असायला हवा. खासगी माणसाला अर्जदार पैसे देतो, गाडीने आणतो, जेवायलाही बसवतो. लगतच्या खातेदाराला नोटीस पोहोचली का, त्याचे म्हणणे लिहून घेतले का, याची जबाबदारी त्याच्यावर कायद्याने टाकली नाही तर तो नकाशा एकतर्फीच राहणार. त्यात आजच्या धंद्याची एक रीतच पडली आहे: प्लॉटिंग करणारा, जमिनीचा सौदा जुळवणारा आणि मोजणारा एकच असतो. व्यवहारात ज्याचे कमिशन आहे त्याने त्याच जमिनीची हद्द दाखवायची, हे कुठल्या न्यायात बसते?

4. मोजणीचे कच्चे कागद. सरकारी मोजणीचे टिपण आणि नकाशे अभिलेख कक्षात जमा होतात. दीडशे वर्षांपूर्वीची मापे आज काढता येतात ती त्यामुळेच. खासगी सर्व्हेयरचे निरीक्षण, कोणता दगड धरला आणि का धरला याची नोंद, सगळे त्याच्या लॅपटॉपमध्ये असते. तो लॅपटॉप बिघडला, माणूस गेला किंवा धंदा बंद केला की पुरावा संपला. उद्या निमताना मोजणी, म्हणजे हरकतीवर वरिष्ठाकडून होणारी फेरमोजणी, लागली तर निमतानदार कशाशी ताडून पाहणार?

5. भरपाई. चुकीच्या हद्दीवर कोणी विहीर खोदली, भिंत बांधली, कर्ज काढून कुंपण घातले, तर सर्व्हेयरकडून वसूल काय करणार? आमच्यापैकी बहुतेकांचे यंत्रसुद्धा हप्त्यावर असते. व्यावसायिक जबाबदारीचा विमा सक्तीचा नसेल, तर ‘दावा लावा’ हे सांगणे म्हणजे थट्टा आहे.

‘हे केंद्राचे काम आहे’ असे उत्तर येईल, त्याचीही तयारी आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत महसुलासाठीचे भूमापन आणि भूमी अभिलेख राज्यसूचीतल्या 45व्या नोंदीत आहेत. कायदा, वैद्यक आणि इतर व्यवसाय समवर्ती सूचीतल्या 26व्या नोंदीत आहेत. दोन्ही दारे विधिमंडळाला उघडी आहेत. कर्नाटकात परवानाधारक भूमापक बरीच वर्षे काम करत आहेत, तेलंगणानेही आता तीच वाट धरली आहे. त्यांच्या अनुभवातले बरेवाईट पाहून महाराष्ट्राला पुढचे पाऊल टाकता येईल. परवाना त्यांनी दिलाच आहे. आपण व्यवसाय उभा करू.

दुसरे उत्तर असे येते की परिषदा शेवटी आपल्याच लोकांना सांभाळून घेतात आणि फी वाढवून बसतात. या आरोपात तथ्य आहे. जगात अनेक व्यवसायांच्या परिषदांनी नेमके तेच केले. म्हणूनच मी मागतो आहे ती परिषद फक्त भूमापकांची नको.

मागण्या अशा :

महाराष्ट्र भूमापक परिषद विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन व्हावी. शासन निर्णय किंवा परिपत्रक नको. ते एका सहीने येते आणि दुसऱ्या सहीने जाते. परिषदेत खासगी आणि सरकारी भूमापक असावेत, पण निम्म्याच्या आसपास सदस्य बाहेरचे असावेत: निवृत्त न्यायिक अधिकारी, शेतकरी खातेदार, अभियांत्रिकीचे शिक्षक.

परवान्यासाठी दोन परीक्षा व्हाव्यात. एक यंत्राची, ती सोपी आहे. दुसरी टिपण, फाळणी बारा, आकारबंद, एकत्रीकरणाचे कागद वाचण्याची आणि जागेवर हद्द ठरवण्याची. मोडीच्या वाचनाला त्यात गुण असावेत. परीक्षेआधी अनुभवी भूकरमापकाच्या हाताखाली प्रत्यक्ष बांधावर उमेदवारी सक्तीची असावी. आज खात्यात जी माणसे निवृत्तीला आली आहेत, त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याही पुस्तकात नाही; त्यांना या कामासाठी मानधनावर घ्यावे आणि हे लवकर करावे.

परवानाधारकांची नोंदवही सर्वांना पाहता यावी. त्यात परवान्याची मुदत, झालेल्या तक्रारी आणि त्यांचे निकाल दिसावेत. नकाशावर परवाना क्रमांक नसेल तर तो नकाशा कोणत्याही कार्यालयाने स्वीकारू नये.

जमिनीच्या व्यवहारात हितसंबंध असलेल्या भूमापकाला त्या जमिनीची मोजणी करता येऊ नये, नातेवाइकांची तर नाहीच. लगतच्या सर्व खातेदारांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे नोंदवणे हे त्याचे वैधानिक कर्तव्य ठरावे. मोजणीचा सर्व कच्चा तपशील, हद्द ठरवण्याच्या कारणांसह, ठरलेल्या मुदतीत अभिलेख कक्षात जमा व्हावा. विमा सक्तीचा असावा. लहान खातेदारासाठी फीची कमाल मर्यादा शासनाने ठरवावी. आमच्यातल्या काहींना ती आवडणार नाही.

आणि आचारसंहिता एकच असावी. खासगी सर्व्हेयरला एक कायदा आणि सरकारी भूकरमापकाला फक्त खात्याची चौकशी, असे दोन तराजू ठेवू नका. दोघेही एकाच बांधावर उभे राहून एकच काम करतात.

हा कायदा होईपर्यंत परवानाधारकांकडून पोटहिस्सा आणि हद्द कायम मोजणी करून घेऊ नये. वाद नसलेली, बिगरहद्दीची कामे खुशाल द्यावीत. त्यानेही खात्यावरचा भार हलका होईल आणि माणसे तयार होतील.

विधेयकाचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, आणि तो पुढच्या अधिवेशनात मांडणार की नाही, हे जाहीरपणे सांगावे. मसुद्यावर फुकट काम करायला मी आणि माझ्यासारखे काही जण तयार आहोत. हाक मारा, जुनी टिपणे घेऊन येतो.

आपला,
एक खासगी भूमापक